वेडी बाभूळ आणि घाणेरी काढूनही दर पावसाळ्यात परत येते: कुरण करताना काय तपासायचं

तक्रार जवळपास सगळीकडे एकच असते. पडीक माळावर वेडी बाभूळ आणि घाणेरीचं रान माजलेलं. उन्हाळ्यात जेसीबी लावला, दोन-तीन दिवसांत जमीन मोकळी झाली, मृगाच्या पावसावर गवताचं बी फेकलं. पोळ्यापर्यंत सगळं हिरवं दिसतं म्हणून समाधान वाटतं. दसऱ्याला जाऊन पाहावं तर गवत विरळ, गाजर गवत कमरेइतकं, आणि जिथे एक बाभूळ होती तिथे फोकांचा झुबका. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जेसीबी. असं दोन-तीन वर्षं चाललं की पैसाही संपतो आणि उमेदही, आणि चांगली चराऊ जमीन कायमची काट्यांखाली जाते.

मी लिहितोय ते मुख्यतः पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, बीड या बाजूच्या कमी पावसाच्या माळरानांबद्दल. कोकणात आणि घाटमाथ्यावर रानमोडीचा त्रास जास्त, विदर्भात रानतुळस आणि तरोट्याचा, म्हणजे टाकळ्याचा. तिथे तणांची नावं बदलतात, पण तपासायची रीत हीच.

कुऱ्हाड लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा. सगळी बाभूळ वेडी नसते. आपल्या गावठी बाभळीला पिवळी गोल गोंड्यासारखी फुलं येतात आणि तिची शेंग मण्यांच्या माळेसारखी, दोन बियांच्या मध्ये आवळलेली असते. वेडीला फिकट पिवळे लांब तुरे येतात, शेंग पिवळसर, जाडसर आणि चवीला गोड. गावठी बाभूळ, हिवर, बोर, आपटा, पळस ही झाडं कुरणात विरळ असलेली बरी, दुपारी जनावरांना सावली मिळते आणि शेळ्या-मेंढ्यांना पाला. जेसीबीवाल्याला हा फरक कळत नाही आणि त्याला तेवढा वेळही नसतो. म्हणून ठेवायच्या झाडांना आदल्या दिवशी स्वतः फिरून चुन्याचा पट्टा मारा.

जमीन कोणाची आहे हेही आधीच बघा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला बरोबर घेतल्याशिवाय हात लावू नका. वनखात्याची असेल तर त्यांच्या लेखी परवानगीशिवाय कुदळही मारायची नाही. खासगी जमिनीतसुद्धा 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली काही झाडांना परवानगी लागते. तलाठ्याकडे आणि वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारून घेतलं की पुढची डोकेदुखी वाचते.

आधी उकरून बघा, मग इलाज ठरवा

परत आलेली बाभूळ दिसली की लोक पहिला प्रश्न औषधाचा विचारतात. त्याआधी कुदळ घेऊन माळावर फिरा आणि वेगवेगळ्या ठिकाणचे कोंब खालून उकरून बघा. कोंब कशातून आलाय हे कळलं पाहिजे. एकाच माळावर तीन प्रकारे पुनरागमन होत असतं आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. बहुतेकांचा खर्च वाया जातो तो तिन्हींवर एकच उपाय केल्यामुळे.

जुन्या बुंध्यातून आलेले फोक ओळखायला सोपे. एका जागी दाट झुबका, सगळे जवळपास एका वयाचे, जोमदार. ओढला तर फोक तुटून हातात येतो, खालचा बुंधा जागचा हलत नाही. बियांतून आलेलं रोप एकटं आणि सरळ असतं. अगदी कोवळं असेल तर बुडाशी दोन जाडसर हिरवी बीजदलं अजून चिकटलेली दिसतात. अनेकदा वाळलेल्या शेणाच्या पोवातून अशी चार-सहा रोपं एकत्र डोकं काढतात. तो पो उलटा करून बघा, रोपांची मुळं शेणातून थेट जमिनीत उतरलेली दिसतील. तिसरा प्रकार घाणेरीचा. तिची जमिनीला टेकलेली फांदी ओलीत मुळं धरते. तोडून तिथेच टाकलेली झुडपंही पावसाळ्यात अशीच जिवंत होतात.

आता हिशेब करा. बहुतेक कोंब बुंध्याचे असतील तर खोदाई उथळ झाली आहे. बहुतेक बियांचे असतील तर खोदाई ठीक आहे, पण शेंगा आणि जनावरं यांचा बंदोबस्त राहिलाय. झाडं फारशी नाहीत आणि नुसतं गाजर गवत, टाकळा यांचं राज्य असेल तर जमीन उघडी राहिली, गवत लागलंच नाही.

बुंधा: कुठे तोडायचं

वेडी बाभूळ जमिनीच्या वर कितीही खाली घासून तोडा, ती फुटणारच. कारण तिचे झोपलेले डोळे जमिनीच्या आत असतात. एकदा स्वतः बघून घ्या. मनगटाएवढ्या बुंध्याभोवतीची माती कुदळीने मोकळी करा आणि हाताने बाजूला सारा. जमिनीच्या रेषेच्या जरा खाली साल खरबरीत दिसते, तिच्यावर बारीक फुगवटे आणि गाठी असतात. हेच डोळे. आणखी खाली जाल तशा गाठी कमी होतात आणि पहिली जाड आडवी मुळं फुटलेली दिसतात. तोड तिथे, आडव्या मुळांच्या खाली बसली पाहिजे. लहान झाडाला वीतभर खोली पुरते, जुन्या झाडाला फूटभर जावं लागतं. ओढ्याकाठी किंवा बांधाच्या वरच्या अंगाला, जिथे दरवर्षी गाळ साचतो, तिथे बुंधा गाळात पुरला जातो आणि डोळ्यांचा पट्टा आणखी खाली असतो. एका माळावर एकाच खोलीने खोदणाऱ्यांना नेमकी ओढ्याकाठची झाडं परत त्रास देतात, ती यामुळे.

एवढा भाग काढल्यावर उरलेलं मूळ जमिनीत राहिलं तरी चालतं, ते कुजतं. सगळी मुळं उपसायच्या मागे लागू नका.

जेसीबीबद्दल. मोठे बुंधे उपटायला तो लागतोच, पण भर उन्हाळ्यात कडक जमिनीत बकेट लावली की मूळ वरच मोडतं आणि डोळ्यांचा पट्टा आतच राहतो. दिसायला जमीन साफ झालेली असते. वळवाचा किंवा मृगाचा एक चांगला पाऊस होऊन जमीन नरम झाल्यावर, आधी कुदळ-पहारीने कडा मोकळ्या करून मग बकेट लावली तर बुंधा मुळासकट येतो. दुसरं, बकेटने अख्खा माळ खरवडून सपाट करू देऊ नका. हलक्या जमिनीत चार बोटं माती आणि खाली मुरूम असतो. ती चार बोटं गेली की गवताला जागा नाही. त्यातच मारवेल, शेडा, पवन्या या गवतांचे जुने ठोंब झुडपांच्या आडोशाने जगलेले असतात, ते जातात आणि वर्षानुवर्षं पुरलेलं तणाचं बी वर येतं. जेसीबी तासावर लावताना चालकाजवळ उभं राहा आणि एकेक बुंधा दाखवून काढून घ्या. तास वाढतात, पण पुढच्या वर्षीचा जेसीबी वाचतो.

कोळसेवाल्यांचा मुद्दा इथेच सांगतो, कारण यात अनेक गावं फसलेली दिसतात. लाकूड फुकट घेऊन जा आणि माळ साफ करून द्या, असा तोंडी व्यवहार ठरतो. कोळशाला वरचं लाकूड पुरतं, म्हणून ते जमिनीपासून वीतभर वर कापतात आणि जातात. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक बुंध्याला झुबका फुटतो आणि आधी निदान मधून चालता यायचं तिथे शिरताही येत नाही. व्यवहार करायचा तर कागदावर करा, बुंधे काढून देणं ही अट घाला, आणि काही रक्कम बुंधे निघेपर्यंत अनामत ठेवा. लाकडाला भाव आहे, ते तयार होतात.

तोडीवर मीठ ओतणं, जळकं ऑईल टाकणं, टायर जाळणं हे प्रकार बंद करा. मिठाने गवताची जमीन नासते, ऑईल पावसाबरोबर ओढ्यात जातं. आणि माळाला वणवा लावून झुडपं मरत नाहीत. वरचं जळतं, खालचे डोळे पावसाबरोबर जागे होतात, आणि गवताचं पडलेलं बी तेवढं राख होतं.

घाणेरी: बोटभर खाली

घाणेरीला, म्हणजे टणटणीला, एवढं खोल जावं लागत नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात दाखवून दिलेली पद्धत साधी आहे. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या सांध्याच्या खाली, जमिनीत 3 ते 5 सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं. घाणेरी फुटते ती या सांध्याजवळून, तो भाग झुडपाबरोबर वर आला की खालचं मूळ पुन्हा फुटत नाही. माती फार हलत नाही, त्यामुळे पुरलेलं बीही फारसं वर येत नाही.

काम दोघांनी करायचं. एकाने लांब दांड्याच्या आकड्याने झुडूप एका बाजूला ओढून धरायचं, दुसऱ्याने त्याच्या विरुद्ध बाजूने तिरकी कुदळ मारून मूळ तोडायचं. सवयीच्या जोडीचं एका झुडपाला फार वेळ लागत नाही. निघालेलं झुडूप मुळं वर, शेंडा खाली असं उलटं टाका, म्हणजे फांद्या जमिनीत रुजत नाहीत. आणि हे सगळं फळं पिकायच्या आत. काळी फळं लागलेली झुडपं ओढत नेली तर वाटेभर बी सांडतं.

पुढे दोन-तीन वर्षं बुलबुल आणि साळुंक्या बाहेरून बी आणतच राहणार. पक्षी बसतात त्या झाडांखाली, तारेच्या कुंपणाखाली आणि बांधावर घाणेरीची रोपं आधी दिसतात. श्रावणात जमीन ओली असते तेव्हा ही रोपं हाताने सहज निघतात. पुढच्या वर्षापर्यंत थांबलात तर कुदळ लागेल.

शेंगा आणि शेण

वेडी बाभूळ गावोगाव पसरली ती जनावरांच्या पोटातून. उन्हाळ्यात चारा नसतो तेव्हाच गोड शेंगा पिकून गळतात. गाई-म्हशी त्या आवडीने खातात, कठीण कवचाचं बी पोटातून शाबूत बाहेर पडतं आणि शेणाच्या खतात रुजतं. शेळ्या-मेंढ्या जास्त चावतात, त्यांच्यातून बी कमी सुटतं, पण सुटतंच.

म्हणून शेजारच्या ओढ्याला शेंगा खाऊन आलेली गुरं थेट नव्या कुरणात सोडू नका. पोट साफ व्हायला साधारण आठवडा लागतो. तेवढे दिवस त्यांना गोठ्यात किंवा एका ठरलेल्या वाड्यात बांधून चारा द्या आणि त्या वाड्यात उगवणारी रोपं पावसाळ्यात उपटत राहा. एक ठरलेला वाडा साफ ठेवणं दहा एकर माळ साफ ठेवण्यापेक्षा किती हलकं काम आहे, हे करून पाहिल्यावर पटेल. धनगरांचा वाडा शेतात बसवतात त्यांनीही पुढच्या पावसाळ्यात त्या जागेवर नजर ठेवावी.

शेंगा वाया घालवायच्या नसतील तर गोळा करून कडक वाळवून बियांसकट दळून पेंडीत मिसळता येतात. दळल्यावर बी मरतं. मात्र मिश्रणात प्रमाण थोडंच ठेवा. नुसत्या शेंगांवर दीर्घकाळ राहिलेल्या गुरांना जबड्याच्या स्नायूंचा आजार होतो, चावताच येत नाही.

जमिनीत आधीच पडलेलं बी अनेक वर्षं जिवंत राहतं. त्यामुळे पहिल्या वर्षी बियांची रोपं दिसली म्हणून निराश होऊ नका. फक्त ती पहिल्याच पावसाळ्यात काढा. वर रोप वीतभर असतं तेव्हा खालचं मूळ त्याहून लांब गेलेलं असतं, दिवाळीनंतर ते हाताने येत नाही.

गवत वेळेत लागलं नाही तर बाकी सगळं फुकट

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. झुडपं काढायला लाख रुपये जातात आणि गवताचं बी मिळेल ते, उरलेल्या पैशात. खरं तर माळ एका वर्षात जेवढा गवताने झाकून घेता येईल तेवढीच झुडपं त्या वर्षी काढावीत. वीस एकरांचा माळ असेल तर पाच-पाच एकरांचे तुकडे पाडा. उघडी पडलेली जमीन पहिल्या पावसात कोणीतरी व्यापणारच, आणि गाजर गवत गवतापेक्षा चपळ आहे.

हलक्या मुरमाड जमिनीला अंजन आणि धामण ही गवतं, जरा ओल धरणाऱ्या जमिनीला मारवेल, डोंगर उताराला पवन्या आणि शेडा. सोबत स्टायलो हा द्विदल चारा टाकला तर चाऱ्यात प्रथिनं येतात आणि जमिनीला नत्र मिळतं. हेक्टरी 4 ते 6 किलो गवताचं बी पुरतं. अंजनाचं ताजं बी नीट उगवत नाही, मागच्या हंगामातलं घ्या. स्टायलोचं कवच कठीण असतं, साधारण 80 अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून मग वाळवून पेरा. गवताचं बी हलकं आणि केसाळ, वाऱ्याने उडतं आणि मुंग्या नेतात. चाळलेली माती, शेण आणि थोडी चिकणमाती यात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. रोहिणीत धूळपेरणी करा किंवा मृगाच्या पहिल्या पावसावर पेरा, पण वर माती अगदी पातळ, अर्धा-एक सेंटिमीटर. खोल गेलेलं बी वर येत नाही. मारवेलचे ठोंब मिळाले तर बियापेक्षा ते बरे, पाऊस लागल्यावर फूट-दीड फुटावर लावा.

तोडलेल्या बाभळीचे काटेरी फांजर उताराला आडवे टाकले तर माती अडते आणि जनावरंही आत शिरत नाहीत. आधी शेंगा झाडून घ्या मात्र.

पहिल्या पावसाळ्यात चराई पूर्ण बंद. यावर गावात भांडणं होतात, पण मार्ग नाही. कोवळ्या गवताला मूळ धरायच्या आधी तोंड लागलं तर ते मुळासकट येतं. चारा हवाच असेल तर गवताचं बी गळून झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास, विळ्याने जमिनीपासून चार बोटं ठेवून कापून न्या. दुसऱ्या वर्षी माळाचे तुकडे करून आळीपाळीने जनावरं सोडा. चराई जास्त झाली की चांगलं गवत संपतं आणि कुसळी वाढते. तिची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. कुसळी दिसली तर कुसळ धरायच्या आत कापून खाऊ घाला, तेव्हा ती बरा चारा असते.

कच्छच्या बन्नीकडे बघा. सुमारे 2,500 चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ प्रदेशात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला वनखात्याने खारं वाळवंट अडवायला हीच बाभूळ लावली आणि तिने मालधारी पशुपालकांचं कुरण गिळलं. जिथे ती मुळासकट काढून पावसाळाभर जागा राखली तिथे गवत परत आलं आहे. आपल्याकडच्या माळांना हे लागू पडतं.

गाजर गवत, टाकळा, रानतुळस

गाजर गवत फुलायच्या आत, पावसानंतर जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, त्वचेची ॲलर्जी आणि दमा दोन्ही होतात. फुलावर आलेलं गवत उपटून ढीग घालू नका, ढिगात बी पिकतं. ते जाळा किंवा खोल पुरा. एक झाड हजारो बिया देतं. मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात पानं खातो, दिसला तर त्याला राहू द्या, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर थांबू नका. गाजर गवत खाल्लेल्या गाईचं दूध कडवट लागतं, हेही लक्षात असू द्या.

गाजर गवताला हटवायला काही ठिकाणी टाकळ्याचाच एक परदेशी भाऊबंद मुद्दाम पसरवला गेला. त्याने गाजर गवत दबलं खरं, पण जनावरं त्याला तोंड लावत नाहीत आणि आता कुरणात तोच शिरजोर झालाय. कुणी त्याचं बी देऊ केलं तर घेऊ नका. टाकळा आणि रानतुळस वर्षायू आहेत, एकदा फुलायच्या सुमारास बुडाशी कापली की बी धरत नाहीत. सलग दोन-तीन हंगाम चुकवला नाही तर गवत त्यांना दाबतं.

औषध वापरायचंच असेल तर

2,4-डी या तणनाशकाने रुंद पानांची तणं मरतात, गवत वाचतं, पण स्टायलोही मरतो. शेजारी द्राक्षं, कापूस, टोमॅटो, भेंडी असेल तर फवारूच नका, वाऱ्याने गेलेला तुषारही त्या पिकांची पानं वळवून टाकतो आणि शेजाऱ्याचं वर्ष जातं. ग्लायफोसेट हे तणनाशक गवतही मारतं, शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध आणलेत. आजचा नियम कृषी विभागाकडे विचारा. काहीही मारलं तरी लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत जनावरं आत सोडायची नाहीत.

जनावराने घाणेरी खाल्ली तर

सहसा खात नाहीत. पण चाऱ्याची टंचाई असेल, किंवा घाणेरी नुकतीच तोडून पाला सुकत पडला असेल आणि नवखं जनावर आत आलं, तर खातात. यकृतावर परिणाम होतो. जनावर चारा सोडतं, शेण घट्ट होतं, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो, उन्हात उभं राहिलं की नाकपुडी आणि अंगावरच्या पांढऱ्या भागाची कातडी लाल होऊन सोलते. लगेच सावलीत, शक्यतो अंधाऱ्या गोठ्यात बांधा आणि पशुवैद्याला बोलवा. घरगुती काढे देत बसू नका, दोन दिवस उशीर झाला तर जनावर हाताला लागत नाही. तोडणी चालू असताना आणि त्यानंतर पाला पूर्ण वाळून झडेपर्यंत त्या तुकड्यात एकही जनावर नको.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी दोन फेऱ्या नेमाने मारा, एक श्रावणात आणि एक दिवाळीनंतर. श्रावणातल्या फेरीत रोपं हाताने उपटायची. दिवाळीनंतर गवत कापल्यावर राहून गेलेले बुंधे उघडे पडतात, तेव्हा कुदळ बरोबर ठेवा. ओढ्याचा काठ, पाणवठ्याची वाट आणि जनावरं दुपारी बसतात ती झाडं, या तीन जागा आधी बघा.